पहिले वाक्य कुणाचे?

दादर स्टेशनाबाहेर पाऊस कोसळत होता. एका हातात बॅग, बगलेत कुंद्याचा डबा, दुसऱ्या हातात वाऱ्याने उलटू पाहणारी छत्री, अशा अवस्थेत मी एका टॅक्सीच्या काचेवर टकटक केली आणि विचारले, "लालबाग आयेंगे क्या?"

वाचकहो, हे वाक्य मी बोललो. बेळगावातल्या मराठी शाळेत हयातभर मराठी शिकवलेला, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा, घरी आलेल्या कानडी कागदावर 'आम्हाला हा मराठीत द्या' असा अर्ज लिहून कचेरीत हेलपाटे घालणारा मी. माझ्यावर कुणी सक्ती केली नव्हती. टॅक्सीवाला अजून तोंडही उघडून बोलला नव्हता. तरीही मराठी राज्याच्या राजधानीत पाऊल ठेवताच माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हिंदीत.

"बैठिए," तो म्हणाला. गाडी निघाली. तो हिंदीत खोदलेल्या रस्त्यांना नावे ठेवू लागला आणि मी माझ्या मास्तरी हिंदीत हुंकार भरू लागलो. हिंदमाताजवळ पाणी तुंबले होते, तिथे गाडी अडली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"आये, गाडी चालवतोय गं. जेवलीस का? मागनं लावतो फोन."

मी चमकलो. विचारले, "कुठले हो तुम्ही?"

"पाटणचा. साताऱ्याकडचा."

"मग इतका वेळ हिंदीत का बोलत होता?"

आरशातून माझ्याकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सुरुवात केलीत की, काका."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे आम्ही मराठीत बोललो. त्याच्या गावच्या पावसाविषयी, आमच्या बेळगावच्या पावसाविषयी. लालबागला उतरलो, पैसे द्यायला पाकीट काढले, तर तो म्हणतो, "सुट्टा है क्या?" आणि मी म्हणतो, "देखता हूं." दोघांच्याही एकदमच लक्षात आले आणि दोघेही हसलो. पण ते हसणे घशात अडकावे असे होते. आठ दिवस मुंबईत राहिलो आणि आठही दिवस ती दोन वाक्ये माझ्या डोक्यातून गेली नाहीत. या लेखात जे भांडण मी मांडणार आहे ते त्यांचेच आहे. भांडण मुंबईकरांशी आहे, तुमच्याशी आहे आणि सुरुवात अर्थातच माझ्यापासून आहे.

मी १९७४ साली पहिल्यांदा मुंबईला गेलो. तेव्हा बेळगावहून मीटर गेजच्या गाडीने मिरजेला यायचे आणि तिथे गाडी बदलून महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची. मामा गिरणीत होते. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत सात माणसे राहत, मी आठवा. दिवसा फोर्टातल्या एका कचेरीत टायपिंग, संध्याकाळी कॉलेज. १९८३ मध्ये वडील अंथरुणाला खिळले म्हणून परतलो तो कायमचाच. पुढे लग्नामुंजीला दोनतीनदा जाणे झाले, पण ते हॉलपासून हॉलपर्यंत. सावकाश, पायी, डोळे उघडे ठेवून मुंबई पाहिली ती २०२५ च्या जून महिन्यात. मधे बेचाळीस वर्षे गेली.

माझ्या आठवणीतल्या लालबागमध्ये सगळे मराठीच होते असे कुणी समजू नये. चाळीखालचा वाणी गुजराती, दूधवाला भय्या उत्तर प्रदेशातला, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला उडुपीचा आणि डॉक्टर पारशी. पण सगळे मराठी बोलत. कुणाची 'ळ'शी ओळख नव्हती, कुणाला लिंगवचनाचे वावडे होते. "तुमी काय घेते?" असे वाणी विचारायचा आणि आम्ही पोरे मागे फिरलो की त्याची नक्कल करून हसायचो. ते का बोलत? आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे आणि कुणाच्या धाकानेही नव्हे. त्यांचे गिऱ्हाईक मराठी होते, उधारीची वही मराठी माणसाच्या पगारावर चालत होती आणि तो पगार गिरणीतून येत होता. भोंगा वाजला की सगळ्या गल्लीचे घड्याळ लागायचे, तसे त्या पगारावर सगळ्या गल्लीचे तोंडही मराठी व्हायचे. भाषा हवेवर जगत नाही, ती भाकरीवर जगते, हे मी व्याकरणाच्या पुस्तकात शिकलो नाही. ते लालबागात शिकलो.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे मामाही पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत. त्या संपाचा विजय मिरवून सांगता येईल असा शेवट झालाच नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या आणि उरली ती जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत असे होते की गिरणीची जमीन विकायची तर साधारण एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक वाटा सार्वजनिक घरांसाठी आणि एक वाटा मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. बांधकाम उभे होते ती सारी जमीन हिशेबातून सुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला. हे सारे घडले तेव्हा मंत्रालयातल्या खुर्च्यांवर बसलेली माणसे कुठल्या परप्रांतातून आली नव्हती. फायलींवरच्या सह्या मराठी होत्या. तेव्हा लालबाग-परळची मराठी कुणी पळवली असा प्रश्न विचारताना एक बोट बाहेर दाखवायचे असेल तर अवश्य दाखवा, पण त्या सह्या विसरू नका.

त्या दिवशी मी मामांची चाळ पाहिली. ती अजून उभी आहे, पण तिच्या अंगावर शेजारच्या मनोऱ्याची सावली दुपारपासूनच पडते. मसाल्याच्या दुकानांत मात्र अजून खणखणीत मराठी ऐकू आली. मिरच्या निवडणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या. मला बरे वाटले. पुढे गेलो. एका जुन्या गिरणीची चिमणी शोभेची वस्तू म्हणून जपून ठेवलेली दिसली. तिच्याखाली कॉफीचे दुकान. आत गेलो आणि काउंटरवरच्या पोरीला मुद्दाम मराठीत म्हणालो, "एक साधी कॉफी द्या, बाई." तिने डोळे मोठे केले आणि हळूच म्हणाली, "काका, इथे आम्हाला मराठीत बोलू देत नाहीत." घर कुठे म्हणून विचारले तर नायगाव. तिथून चालत वीस मिनिटांवर. आजोबा गिरणीत होते म्हणाली.

या पोरीची काही चूक नाही. चूक तिच्या मालकाची आहे, आणि अशा दुकानात शिरताना आपोआप इंग्रजी नाहीतर हिंदी जिभेवर घेणाऱ्या गिऱ्हाइकांचीही आहे. समोरून मागणीच मराठीत आली नाही, तर मालक तरी मराठीला परवानगी कशाला देईल?

आता घरातली गोष्ट सांगतो. माझा मुक्काम होता कांदिवलीला मामेभावाच्या मुलाकडे. सालस मुलगा, सूनही तशीच. काका, काका म्हणून दोघांनी मला कुठे ठेवू नि कुठे नको असे केले. त्या दिवसांत राज्यात हिंदीच्या सक्तीवरून रान पेटले होते. १६ एप्रिल २०२५ च्या आदेशाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून लादली गेली होती, १७ जूनला त्यात शब्दांची फिरवाफिरव झाली आणि लोकांचा संताप वाढतच गेला. आदेश चुकीचाच होता. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तीन भाषांचे ओझे घालणे हे शिक्षण नव्हे. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभ्या राहिलेल्या कुठल्याही मास्तराला हे सांगावे लागत नाही. २९ जूनला सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले, हे उत्तम झाले.

तर त्या रात्री दूरचित्रवाणीवर यावरून चर्चा रंगली होती आणि पुतण्या सोफ्याच्या हातावर मुठी आपटत होता. "काका, ही मराठीच्या मुळावरच घाव घालण्याची चाल आहे!" मी मान डोलावली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. भाजीवाला होता. दारात उभा राहून त्याने विचारले, "ताई, काय देऊ आज?"

आणि घरातून उत्तर गेले, "आधा किलो भिंडी दे दो, भैया."

मी उठून दारात गेलो. "तुमचं गाव कुठलं?" त्याने सांगितले, जौनपूर. मुंबईत येऊन त्याला अकरा वर्षे झाली होती. "मराठी कुठे शिकलात?" तो म्हणाला, "मार्केटमधे. होलसेलवाला मराठी बोलते ना. पण बिल्डिंगमधे कोणी बोलत नाही. मी मराठीत विचारला तरी हिंदीतच सांगते."

आत दूरचित्रवाणीवर मराठीच्या मुळावर घाव पडत होता आणि दारात जौनपूरचा माणूस मोडकीतोडकी का होईना मराठी घेऊन उभा होता आणि आमचा मराठी माणूस ती त्याला परत देत होता. नको, राहू दे, तुझी तुलाच ठेव. पुतण्याला मी हे बोलून दाखवले. तो जरा वरमला, मग म्हणाला, "काका, त्यांना सोपं पडावं म्हणून बोलतो हो आम्ही." यात चांगुलपणा आहे हे मी नाकारत नाही. पण ज्याला सोपे पडावे म्हणून आपण आपली भाषा खाली ठेवतो, तो ती उचलून धरायला तयार आहे की नाही हे आपण कधी विचारले का? आणि थोडे खोलात शिरलो तर तिथे चांगुलपणाच सापडतो का? मला तरी तिथे वेगळेच काही सापडले, आणि माझ्याच मनात सापडले. टॅक्सीच्या काचेवर टकटक करताना माझ्या मनात कुठेतरी असे होते की मराठीत विचारले तर हा मला गावठी समजेल. हिंदी बोलले की माणूस शहरातला वाटतो. ही ती गाठ आहे. हिला सौजन्याचे नाव देऊन आपण स्वतःला फसवू नये.

दुसराही एक दोष आपल्याकडे आहे. वाण्याच्या 'तुमी काय घेते'ला आम्ही पोरे हसायचो ते मी वर सांगितले. ते हसू आम्ही मोठेपणीही सोडलेले नाही. परका माणूस चुकतमाकत मराठी बोलू लागला की आपल्याला एकतर हसू येते, नाहीतर त्याची कीव येऊन आपण हिंदीत उडी मारतो. दोन्हीत तो शिकायचा थांबतो. शिक्षक म्हणून मी शपथेवर सांगतो, पहिल्या चुकीला हसलेला वर्ग पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. मुंबई हा असाच हसून गप्प केलेला वर्ग आहे.

पाट्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण आम्हा सीमाभागातल्या माणसांची नजर आधी पाटीवर जाते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत लावणे बंधनकारक झाले, व्यापारी न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितले. पाट्या बदलल्या. मी पाहिल्या, समाधान वाटले. भुयारी मेट्रोही मी पाहिली. वरळीतल्या एका स्थानकाला आचार्य अत्रे चौक असे नाव आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी 'मराठा'तून रान उठवले त्यांच्या नावाचा पुकारा जमिनीखाली थंडगार डब्यात ऐकताना अंगावर काटा आला, खोटे कशाला सांगू. मग डब्यात कान दिला. माझ्या पुढ्यात चार तरुण उभे होते, चौघांच्या पाठीवर कार्यालयाच्या पिशव्या. बोलणे हिंदीत चालले होते. एकाने दुसऱ्याला हाक मारली ती आडनावाने, आणि पुढच्या तीन स्थानकांत मला चारही आडनावे कळली. चारही आपलीच.

आमच्या बेळगावात पाटी कानडी आणि दुकानात मराठी. मुंबईत पाटी मराठी आणि दुकानात हिंदी. आमच्याकडे सरकार परके, तोंड आपले. तिकडे सरकार आपले, कायदा आपला, १९६४ पासून राजभाषा अधिनियम आपला, ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात भाषेचा मानही आपला, फक्त तोंड तेवढे उसने.

एके दिवशी हुतात्मा चौकात गेलो. कारंज्याजवळ पावसातच थोडा वेळ उभा राहिलो. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला तसा बेळगावातही झाला. १७ जानेवारी आपण विसरत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली, बेळगाव राहिले. अण्णा भाऊ साठ्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' लिहिली तिच्यात हीच राहिलेली जखम आहे. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राची मागणी ज्या साहित्य संमेलनातून ठणकावून पुढे आली ते माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन भरले होते आमच्या बेळगावात. हे मी मनातल्या मनात घोकत होतो. शेजारी एक सुशिक्षित, पन्नाशीचे गृहस्थ छत्री सावरत उभे होते. बोलणे निघाले. मी बेळगावचा म्हटल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "अरे वा, कर्नाटकातले असून तुमची मराठी किती चांगली आहे!"

सीमाभागातल्या वाचकाला हे वाक्य नवे नाही. पुण्यात ऐकलेय, ठाण्यात ऐकलेय. पण हुतात्मा चौकात ऐकायचे राहिले होते, तेही झाले. त्या गृहस्थांवर मी रागावलो नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याची त्यांना आठवण असावी असा माझा हट्टही नाही. पण त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या आईकडे जायचे म्हणून आपण जवळपास सत्तर वर्षे दारात उभे आहोत, ती आई घरात वेगळ्याच भाषेत बोलायला लागली आहे. उद्या दार उघडलेच तर आपण आत जाऊन बोलायचे कुणाशी?

इथपर्यंत वाचून आपल्याकडच्या काहींना फार बरे वाटले असेल. बरे झाले, मास्तरांनी मुंबईकरांना चांगले सुनावले. त्यांनी जरा थांबावे.

त्याच सुमारास मुंबईजवळच्या मिरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मी परत आलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर ती फोनवरून फोनवर फिरत होती आणि चांगली जाणती माणसे म्हणत होती, "बरं केलं. असंच पाहिजे यांना."

मित्रहो, हे आपण म्हणायचे? भाषेसाठी मार खाण्याचा अर्थ आपल्याइतका कुणाला ठाऊक आहे? जून १९८६ मध्ये कानडीच्या सक्तीविरुद्ध आपली माणसे रस्त्यावर आली तेव्हा काय झाले? हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक कशासाठी उभे आहे? तिथे दर १ जूनला फुले वाहून यायचे आणि दुसऱ्या कुणाला भाषेसाठी थप्पड पडली की टाळी वाजवायची, हे एकाच माणसाला कसे जमते? आपले म्हणणे इतकी वर्षे काय आहे? माणसाला त्याच्या भाषेत जगू द्या. घटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे, तो आपला आधार. मिरा रोडची थप्पड योग्य ठरली, तर उद्या बेळगावच्या बस कंडक्टरने किंवा कचेरीतल्या कारकुनाने 'कन्नड मातनाडी' म्हणून तुमची गचांडी धरली तर तुम्ही कुठल्या तोंडाने तक्रार कराल? तो म्हणेल, आमच्या राज्यात आमची भाषा, तुमच्या लोकांनी तेच केले की.

आणि थप्पडीने साधते काय? तो दुकानदार मराठी शिकेलही. पण जौनपूरचा भाजीवाला अकरा वर्षांत जे स्वतःहून शिकला ते मारून शिकवता आले नसते. त्याला शिकवले बाजाराने. ते वाया घालवले आपण. समोरच्याला थप्पड मारणे सोपे, कारण त्यात आपली जीभ बदलावी लागत नाही.

उलट आपली गणपत गल्ली पाहा. कोपऱ्यावर मेथी घेऊन बसणारी अव्वा घरी कानडी बोलते. मला पाहून ती म्हणते, "घ्या की ओ मास्तर, ताजी हाय." मी तिला विचारतो, "एष्टु, अव्वा?" ती मराठीत भाव सांगते, मी कानडीत कमी करायला सांगतो. दोघांनाही कमीपणा वाटत नाही. तिसरी भाषा मध्ये लागत नाही. कुठल्याही समितीने, कुठल्याही सरकारने आम्हाला हे शिकवले नाही. राजकारण बाजूला ठेवून बाजाराने जे शहाणपण जपले आहे, ते मुंबईला द्यावे असे आपल्याकडे आहे. आपण त्यांच्याकडून थप्पड आणायची की त्यांना ही गणपत गल्ली द्यायची?

पण ती गणपत गल्लीही आता किती दिवस? हा शेवटचा मुद्दा आणि सगळ्यात कडू. मुंबईहून परतल्यावर मी माझ्याच घरात कान देऊन बसलो. नातू इंग्रजी शाळेत जातो. सून त्याला जेवताना सांगते, "फास्ट फास्ट फिनिश कर, मग वॉटर पी." ती वाईट आई नाही. त्याचे भले व्हावे एवढेच तिला हवे. मी ज्या शाळेत शिकवले तिथे माझ्या काळात एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, आता एक भरताना मारामार. आणि ती रिकामी झाली ती एकट्या कर्नाटक सरकारने केली नाही. सरकारने शिक्षक द्यायला टाळाटाळ केली, कागद अडवले, हे खरेच आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण काळ्या दिवसाच्या फेरीत पुढे चालणाऱ्या किती घरांतली मुले मराठी शाळेच्या हजेरीपटावर आहेत? माझ्या घरातले नाही. तुमच्या?

कुणी म्हणेल, इंग्रजीशिवाय पोट भरत नाही, तुम्हीच तर वर म्हणालात भाषा भाकरीवर जगते. मान्य. इंग्रजी शिकवा, उत्तम शिकवा. कानडीही शिकवा, मनापासून, ती शेजाऱ्याची भाषा आहे आणि थोर भाषा आहे. पण घरात पाणी प्यायला 'वॉटर' लागत नाही. तिथे भाकरीचा काही संबंध नाही. ती लाज आहे, टॅक्सीच्या काचेवर टकटक करताना माझ्या जिभेवर आली तीच.

म्हणून माझी मागणी फार लहान आहे. मोर्चा नको, ठराव नको, अभिजात दर्जाचा सोहळा नको. पहिले वाक्य मराठीत बोला, एवढेच. मुंबईला जाल तेव्हा टॅक्सीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कॉफीच्या दुकानातल्या पोरीशी पहिले वाक्य मराठीत. त्याला समजले नाही तर दुसरे त्याला समजेल अशा भाषेत, हसतमुखाने. तो चुकत बोलला तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. हसू नका, हिंदीत उडी मारू नका. आणि घरी, सकाळी लेकराला उठवताना, पहिले वाक्य मराठीत.

परतताना पुतण्या मला दादरला सोडायला आला होता. स्टेशनाबाहेर त्याने हमालाला हाक मारली, "भैया, ये बैग..." आणि माझ्याकडे पाहून थांबला. मग म्हणाला, "दादा, ही बॅग जरा उचलता का?" हमालाने काही विशेष घडल्यासारखे दाखवले नाही. बॅग डोक्यावर घेतली आणि विचारले, "कुठली गाडी?"

"बेळगावची," मी म्हणालो.